शेवटचं तेवढं

सूप मांडीवर. पान, चिमूट, वळण, दोरा.
हजाराचा आकडा मी मोजत नाही, बोटं मोजतात.
शमशादशी बोलता बोलता, दूध उतू जातंय का बघता बघता
ती आपली चालूच.
माझ्या बोटांना माझी गरज नाही.

इंदर त्याच्या बोटांना हाक मारतो
आणि ती येत नाहीत.
असं मला वाटतं. तो सांगत नाही.
नऊ वर्षांचा. शर्टाच्या बटणांकडं बघतो
दुकान बंद असल्यावर कुलपाकडं बघावं तसा.

चिकोडीच्या सेंटरात हिरेमठ बाई कानडीत बोलतात,
मी मराठीत, आणि तो कशातच नाही.
रबरी चेंडू त्याच्या तळव्यावर ठेवून बाई म्हणतात, हिडी.
मग थांबून, बिडु.
हिडी म्हणजे धर. बिडु म्हणजे सोड.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं मान वळवून
माझ्या मांडीवर सूप शोधलं.
सूप निपाणीत होतं.

धरणं लवकर आलं. सोडणं नाही.
चेंडू मुठीत घेऊनच बसमध्ये चढला,
स्टँडवर उतरला,
रात्री डाव्या हातानं जेवला.

बाईंनी कागदावर चित्रं काढून दिली, घरी करायची.
शाळूच्या पिठाचा गोळा दाबायचा, म्हणे.
ओलं त्याला सोसत नाही. किंचाळून बोटं झटकली.
मग मी कोरडं पीठ टाकलं, आणखी टाकलं,
त्या रात्री आम्ही भेगाळलेल्या भाकऱ्या खाल्ल्या.
अर्धी कळशी नळापासून दारापर्यंत आणायची.
हातात जड असलं की तो शांत होतो,
पायांना जमीन सापडते.
गल्ली म्हणते, असल्या पोराला कामाला लावलंय.
म्हणू दे.

तंबाखूला हात लावू देत नाही.
दोनदा साबण लावते, मगच त्याला धरते.
तरी वास राहतोच,
आणि त्या वासालाच तो नाक टेकवतो.

बटणाचं बाईंनी उलटं सांगितलं.
सगळं तुम्ही करा. काजात अर्धं घाला.
शेवटचं ओढणं तेवढं त्याला ठेवा.

मी जागच्या जागी सात वर्षांची झाले.
पान आई कापायची, वळायची आई, दोराही तिचाच,
मला फक्त तोंड मुडपायला द्यायची.
शेवटचं तेवढं.
तशीच शिकले, शेवटापासून मागं मागं,
पानापर्यंत.
शिकायचंय का, असं कुणी विचारलं नव्हतं.
हे कानडीत कसं सांगतात?
मी मान हलवली.

गणपती गेले, दसरा गेला.
एकच बटण, खालून दुसरं.
तो चिमूट करतो, चिमूट सुटते, खिडकीकडं बघतो, परत करतो.
मी माझे हात मांडीखाली दाबून बसते.
धावतात ते. कुणासाठी थांबायची त्यांना सवय नाही.
कारखान्यात चेकर बंडल चाळतो,
जरा वाकडी दिसली की छाट,
छाटीचे पैसे नाहीत.
शाळेच्या बाईंनीही वही चाळली होती त्याची, पानं कोरी,
आणि माझ्याकडं तसंच बघितलं होतं.

काल त्यानं ओढलं.
बटण आलं.
मी श्वास घेईस्तोवर त्यानं ते परत आत ढकललं,
काज मोकळं केलं,
आणि ओठ हलवले.

शमशाद म्हणते, बिडी म्हणाला गं, तुझाच पोरगा.
मला दुसरं ऐकू आलं.

नऊशे चाळीसच झाल्या काल.